सालदाराचे माघ-फाल्गुन

पांढुर्णा हे नाव आपल्या गोव्यात कुणी घेतलेच तर ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्ण्याचे आणि दुसऱ्या काठावर सावरगावचे लोक जमतात, पात्रात पळसाचे झाड रोवलेले असते आणि दोन्हीकडून दगडांचा वर्षाव सुरू होतो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात जखमींचा आकडा येतो आणि आपल्यापुरते ते गाव तिथेच संपते.

मला मात्र त्या गावाबद्दल वेगळ्याच कारणासाठी लिहायचे आहे. नागपूरहून इटारसीकडे रेल्वेने निघालात की काटोल आणि नरखेड मागे पडते आणि मग पांढुर्णा लागते. राज्य बदललेले असते, बोली बदललेली नसते. सौंसर त्याच्या पूर्वेला, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर. देवगडचे गोंड राजे, नंतर नागपूरकर भोसले आणि मग इंग्रज, असा या मुलुखाचा इतिहास. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातला हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. सातपुड्याचे पठार उतरून खाली आले की काळ्या जमिनीचा हा पट्टा लागतो. आज तो संत्र्यासाठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात तो ज्वारीचा आणि कापसाचा होता.

पोळा हा बैलांचा सण. पण बैलाच्या मागे वर्षभर एक माणूस चालत असतो. बैल मालकाचा, वावर मालकाचे, वखर मालकाचा. माणूस तेवढा वर्षाच्या कराराने आणलेला. त्याला तिकडे सालदार म्हणतात. इतरत्र सालगडी हा शब्द आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचा हिवाळ्याच्या शेवटी, म्हणजे माघ-फाल्गुनात, दिवस कसा जात असेल, हे पाहावे असे बरेच दिवस मनात होते. आपल्याकडे याच दिवसांत वायंगणाची शेते हिरवी असतात आणि काजू मोहरलेला असतो. तिकडे मात्र वर्षाचे पीक घरात येण्याचे हे दिवस. आणि सालदारासाठी साल संपत आल्याचे.

आधी तो कुणाच्या जमिनीवर राबत होता ते पाहू. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला. त्यानंतरच्या जमाबंदीत इंग्रजांनी गावोगावच्या पाटलांना आणि मक्तेदारांना मालगुजार म्हणून गावाची मालकी दिली. कालपर्यंत जो सरकारसाठी सारा गोळा करत होता, तो आता गावाचा धनी झाला. कुळांना कायद्याने काही हक्क मिळाले. पण ज्याच्या नावावर एक बिघाही नव्हता त्याला त्या कागदात जागाच नव्हती. रसेलने लिहिलेले छिंदवाडा जिल्ह्याचे गॅझेटियर १९०७ साली निघाले. असल्या ग्रंथांत मालगुजारांची घराणी असतात, जमिनीचे प्रकार असतात, पिकांखालचे एकर असतात. शेतमजूर येतो तो मजुरीच्या दरापुरता. त्याच काळात, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यातल्या शेतकऱ्याचे हाल वाचवत नाहीत. पण निदान नावापुरती तरी त्याची जमीन होती. सालदार त्याच्याही एक पायरी खाली.

हे सालदार कोण होते? काही गरीब कुणबी, काही सातपुड्यातून खाली उतरलेले गोंड, आणि बरेच महार. मध्य प्रांतातले महार जाडेभरडे कापड विणत. गिरणीचे कापड खेड्यात पोचू लागले तसा त्यांचा माग बंद पडत गेला आणि विणकराच्या हाती विळा आला. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. ज्या कापसाची बोंडे सौंसरच्या वावरात माग मोडलेल्या घरातल्या बायका वेचत होत्या, तोच कापूस गिरणीतून धोतर होऊन गावच्या बाजारात परत येत होता. आणि जातीचा महार असलेला सालदार मालकाच्या कोठ्यात झोपे, त्याच्या बैलांना पाणी पाजी, पण त्याच मालकाच्या माजघरात त्याला पाऊल टाकता येत नसे.

आता त्याचा दिवस.

चांदणी वर आली की तो उठे. कोठ्यात, म्हणजे आपल्या गोठ्यात, बैलांपुढे कडबा किंवा कुटार टाकायचे. ज्वारीचे उभे धाटे तो कडबा आणि मळणीनंतर उरलेला भुसा ते कुटार. कामाच्या बैलाला सरकी मिळे, कधी ढेप मिळे. बैलांचे खाऊन होईपर्यंत शेण भरायचे आणि विहिरीचे पाणी ओढायचे. माघातली थंडी त्या भागात चांगलीच बोचते. अंगावर घोंगडी. वर्षाच्या करारात धान्याखेरीज एक घोंगडी आणि एक वहाणांचा जोड असे ठरलेले असे. त्यातली वहाण श्रावणभाद्रपदाच्या चिखलातच झिजलेली असायची आणि माघात वावरातली तुराट्यांची खुंटे पायांना टोचायची.

दिवस उजाडता तो बंडी जुंपी. आपल्याकडे बंडी म्हटले की बाह्या नसलेला अंगरखा आठवतो, पण नागपूरकडे बंडी म्हणजे बैलगाडी. हातात तुतारी. ही वाजवायची नव्हे, तर बैलाला टोचायची काठी. पांदणीने वावरात जायचे आणि सोंगलेली तूर नाहीतर हरभरा खळ्यावर आणून टाकायचा. तूर आणि हरभरा याच दिवसांत निघतो. गहू फाल्गुनात पिकतो. कापसाची शेवटची वेचणीही याच सुमारास संपते. ते काम बायकांचे. सालदाराची बायको आणि पोरी पहाटेच्या दवातच पऱ्हाटीत शिरत, कारण ऊन चढल्यावर बोंडाची वाळलेली पाने चुरतात आणि कापसात कचरा येतो. मजुरी म्हणून वेचलेल्या कापसाचाच वाटा मिळे. बोंडे विरळ झाली की वाटा थोडा वाढे, कारण तेवढ्याच मजुरीत कुणी वाकायला तयार नसे. वेचणी संपली की उभ्या पऱ्हाट्या उपटायच्या. बोटे सोलून निघतात. त्याच पऱ्हाट्या आणि तुराट्या मग चुलीत जातात, कुडाच्या भिंतीत जातात.

सकाळच्या न्याहारीला ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. दुपारी बायको शिदोरी आणी. तिच्यात भाकर आणि कधी लाखोळीच्या डाळीचे वरण, कधी अंबाडीची भाजी, कधी चून. हिवाळा हा त्यातल्या त्यात पोट भरण्याचा मोसम. धुऱ्यावरची बोरे पिकलेली असतात. हरभऱ्याचे डहाळे पाल्यावर भाजले की हुळा होतो, गव्हाच्या ओंब्या भाजता येतात. ओलांडलेला पावसाळा आठवला तर हे दिवस सुखाचेच. आषाढ-श्रावणात जुने धान्य संपलेले आणि नवे यायला चार महिने, तेव्हाच्या उपासाचा हिशेब मात्र याच सुखाच्या दिवसांत होत असे. त्याकडे पुढे येतोच.

दुपारनंतर खळे. पौषापासून फाल्गुनापर्यंत खळ्यावरची लगबग थांबत नाही. जमीन शेणाने सारवून घट्ट केलेली. मधोमध तिवडा म्हणजे लाकडी खांब रोवलेला. त्याला बैलांची पात बांधायची आणि गोल गोल फिरवायची. पायाखाली कणसे तुडवली जातात आणि दाणा सुटतो. बैलांनी धान्यात तोंड घालू नये म्हणून त्यांना मुसकी घातलेली असतात. सालदार त्यांच्या मागे चालतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याची किती कोसांची चाल होत असेल, आणि तीही त्या एका खांबाभोवती! बैल शेण टाकणार असे दिसले की धावत जाऊन ते वरच्यावर झेलायचे, धान्यात पडू द्यायचे नाही. हे काम बहुधा त्याच्या पोराकडे. सालदाराचा मुलगा सहा-सात वर्षांचा झाला की पातीमागे चालू लागे, पुढे ढोरे राखी, आणि मिसरूड फुटता फुटता त्याचेही साल ठरे.

मळून झाले की वाऱ्याची वाट पाहायची. तिवईवर उभे राहून टोपले डोक्याच्या वर धरायचे आणि धान्य हळूहळू खाली सोडायचे. दाणा सरळ खाली पडतो, भुसा वाऱ्याने बाजूला जातो. वारा पडला तर काम अडते, मग रात्री वारा सुटला की चांदण्यात उपणायचे. त्यातून आभाळाची धास्ती. माघ-फाल्गुनात त्या भागात गारपीट होते. उभा गहू आडवा होतो, खळ्यावरचे धान्य काळे पडते. नुकसान मालकाचे, पण धान्य झाकायला रात्री धावणारा हा.

संध्याकाळी बैल कोठ्यात बांधून वैरण घातली की शेकोटीभोवती बसायचे. हाताला तेव्हाही काम असे. अंबाडीच्या आणि सणाच्या वाखाचे दोर वळायचे. वर्षाला लागणारे कासरे, वेसणी, मोटेचे नाडे, चऱ्हाटे याच दिवसांत वळून ठेवत. आणि जेवून झाले की जागल.

जागल म्हणजे रात्रीची राखण. गहू-हरभरा उभा असेल तोवर वावरातल्या मचाणावर, आणि रास पडली की खळ्यावरच. सातपुड्याच्या रानातून रानडुकरे येत, हरणे येत, रोही म्हणजे नीलगाईंचे कळप येत. त्या काळी रानात वाघही होते. हाती गोफण आणि आरोळी देण्यासाठी घसा. पहाटे चांदणी वर आली की पुन्हा कोठ्याकडे. माणूस झोपे तरी कधी, असा प्रश्न आपल्याला पडतो. दिवसा बैल पाणी पितात तेवढ्या वेळात, असे उत्तर त्याने दिले असते.

या क्रमाला छेद देणारे दोन दिवस. पहिला महाशिवरात्रीचा. या भागातून आणि विदर्भातून लोक पचमढीच्या महादेवाला जातात, चौरागडावर त्रिशूळ वाहतात. नवस बोललेले कुटुंब खांद्यावर त्रिशूळ घेऊन महादेवाची गाणी म्हणत डोंगर चढते. सालदाराला जायचे असेल तर मालकाची परवानगी लागे आणि जितके दिवस खाडा होई तितके ते पुढे भरून द्यावे लागत. दुसरा शिमग्याचा. आपल्या शिगम्याचेच हे भावंड. पळस फुललेला असतो, ढोल वाजतो आणि एका रात्रीपुरते मालकाच्या नावाने बोंब मारायलाही मोकळीक असते. ती मोकळीक एका रात्रीचीच. दुसऱ्या दिवशी राख कपाळाला लावून माणूस पुन्हा पातीमागे.

आता रास मोजण्याचा दिवस. मला या सगळ्या लेखात खरे तर याच दिवसाबद्दल सांगायचे आहे.

उपणून झालेले धान्य खळ्यावर ढिगाने पडलेले असते. तीच रास. तिची पूजा होते, नारळ फुटतो. मग मापारी किंवा सालदारच माप हाती घेतो आणि मोजू लागतो. पहिल्या मापाला महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी ‘एक’ म्हणत नाहीत. ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. मापे पायलीची, कुडवाची आणि वीस कुडवांची खंडी. हे शब्द वाचताना गोमंतकीय वाचकाला आपल्याच कोठारात उभे राहिल्यासारखे वाटेल. आपल्याकडेही भात मोजायचे ते कुडवाने आणि खंडीने, आणि आपलीही खंडी वीस कुडवांचीच. शेकडो मैल दूर, पोर्तुगीज आणि भोसले अशा दोन वेगळ्या राजवटींत, धान्य घरात येताना एकच आकडा उच्चारला जात होता.

सुतार, लोहार, चांभार, न्हावी आपापल्या वाट्यासाठी खळ्यावर येत. देवाचे माप निघे. उरलेले मालकाच्या पेवात आणि कणगीत जाई. सालदाराचे धान्य ठरलेले असे. त्यातले काही वर्षभर महिन्यामहिन्याला उचललेले, उरलेले खळ्यावर मिळायचे. रास मोठी पडली म्हणून त्याचे माप वाढत नसे. वर त्याला मिळे ते मातेरे, म्हणजे खळ्याच्या तळाचे माती मिसळलेले धान्य. आणि सोंगलेल्या वावरात गळून पडलेली कणसे, ज्याला सरवा म्हणतात. बायकापोरे तो वेचून आणत आणि घरी माती पाखडून दाणा वेगळा करत.

आता तो पावसाळ्यातला हिशेब. श्रावणात घरात दाणा नसताना सालदाराने चार कुडव ज्वारी मालकाकडून किंवा सावकाराकडून घेतलेली असते. सवाईने घेतली असेल तर खळ्यावर पाच कुडव परत करायची. दिढीने असेल तर सहा. एवढ्यावर भागले तर ठीक. मुलीचे लग्न, आईचे दिवस, बैलाच्या शिंगाने फाटलेली मांडी, असे काही निघाले की उचल वाढे. फाल्गुनात बेरीज मांडली की सालदाराच्या नावावर बाकी निघे. कुठे गुढीपाडव्याला, कुठे अक्षय तृतीयेला नवे साल ठरायचे. बाकी असलेल्या माणसाने दुसरा मालक कसा पाहावा? तो पाडव्याला त्याच दारात उभा राही आणि जुनी बाकी नव्या सालात मिसळून जाई. ज्याची बाकी फिटली तो मात्र त्या एका दिवसापुरता मोकळा असे. तो चार आळी फिरून कोण दोन कुडव जास्त देतो ते विचारू शके. हिवाळ्याचे ते शेवटचे दिवस त्याच्यासाठी कसे असतील याची यावरून कल्पना येते. वर्षातली सर्वांत मोठी रास त्याच्याच हातांनी मोजली जात होती आणि त्याच वेळी पुढच्या वर्षी तो कुणाचा माणूस असणार हेही ठरत होते. ‘लाभ’ हा शब्द त्याच्या तोंडून निघे आणि धान्य दुसऱ्याच्या घरात पडे.

काळ बदलत नव्हता असे नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इकडच्या कापसाला अपूर्व भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. पूर्वी नागपूर प्रांताचा कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरला जाई, तो आता नागपूरहून मुंबईला जाऊ लागला. सौंसर-सावनेर रस्त्याने कापसाच्या बंड्या रात्रभर चालू लागल्या आणि त्या हाकणारे अर्थात सालदारच. भाव मालगुजाराच्या आणि सावकाराच्या पदरात पडला. पण सालदाराला एक रस्ता दिसला. नागपुरात गिरणी होती, तिथे मजुरी रोख मिळत होती आणि शंभर लोकांत जात विचारणारा मालक डोक्यावर नव्हता. बाकी बुडवून एका रात्रीत गाव सोडणे ही त्याच्या हाती असलेली एकच फिर्याद होती.

मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ मध्य प्रांताने पाहिले. ज्या वर्षी रासच पडली नाही त्या वर्षी साल कसले ठरणार? बैलच विकले गेल्यावर बैलामागच्या माणसाला कोण पोसणार? सरकारी कामांवर खडी फोडणाऱ्यांत सर्वांत आधी पोचला तो हाच. बाकीच्या बेडीतून तो सुटला खरा, पण सोबत भाकरही सुटली.

पुढचे टप्पे थोडक्यात. १९५१ साली मध्य प्रदेशात मालगुजारी गेली. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ साली आला. आपल्याकडे गोव्यात १९६४ साली कूळ कायदा झाला, १९७५ साली मुंडकारांना घरातून काढण्याविरुद्ध संरक्षण मिळाले. भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून त्याच्या माडांची राखण करणारा आपला मुंडकार आणि मालकाच्या खळ्यावर जागल करणारा तो सालदार यांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. दोघांची भीती मात्र जुळणारी होती. मुंडकाराला घर जाण्याची भीती होती, सालदाराला साल जाण्याची.

सालदाराने लिहिलेला एकही कागद त्या शतकातून माझ्या हाती आलेला नाही. त्याला अक्षर येत नव्हते आणि त्याची बाकी ज्या वहीत होती ती मालकाच्या फडताळात असे. पण कोठा, कुटार, पांदण, धुरा, जागल, सरवा, मातेरे हे शब्द कुठल्या पंडिताने घडवलेले नाहीत. ते त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या रोजच्या कामातून टिकले आणि पांढुर्णा-सौंसरच्या बाजारात आजही त्यातले बरेचसे कानांवर पडतात.

तुमच्या घरी जुना लाकडी कुडव असेल तर एकदा उलटा करून पाहा. आतल्या बाजूने तो घासून गुळगुळीत झालेला असेल. ते घासणारे हात कुणाचे होते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. मालकाचे नाव सगळ्यांना आठवेल. मोजणाऱ्याचे नाव कुणाला आठवले तर ते लिहून ठेवा.